काळं रबरी बूच

डुलुथ, मिनेसोटा
१४ मार्च १९८६

प्रिय कोलेट,

बारा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकली असशील. पत्ता तुझ्या आईने दिला. हिबिंगच्या शाळेत शिकवतेस म्हणे. बरं वाटलं. इथे सरोवरावरचा बर्फ अजून हललेला नाही. मेमध्ये मी निवृत्त होतोय. दोन जिने चढलो की बसावं लागतं. दमलोय गं.

परवा वर्गात कठीण आणि मऊ आम्ल-आम्लारींचा धडा घेत होतो. कठीण कठीणाला धरतं, मऊ मऊला. आपला उत्प्रेरक पॅलेडियम मऊ, गंधकही मऊ, एकदा चिकटले की सुटत नाहीत. एका मुलीने विचारलं, "सर, तुमच्या लेखात 'बूच काचेचंच वापरा' असं आहे. हे कसं कळलं?"

मी म्हणालो, "अनुभव." पोरं हसली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तुझं पॅलेडियम दर वेळी काळं पडून मरायचं. तू रडवेली होऊन म्हणायचीस, "सर, मी सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलंय हो!" आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "आधी भांडी घासायला शीक." मग तुझ्या प्रगती-अहवालावर शेरा मारला: हात भरवशाचा नाही. तू संशोधन सोडून गेलीस.

तू गेल्यावर महिन्याभरात तोच प्रयोग मी स्वतः केला. माझंही काळं पडलं. भांडारातली व्हर्ना सहज बोलून गेली, "ती स्वस्तातली रबरी बुचं तुम्हीच मागवलीत ना?" रबरात गंधक असतो. द्रावकाच्या वाफेने तो सुटून आत उतरत होता. काचेचं बूच लावलं, दुपारपर्यंत प्रयोग साधला.

तेव्हाच तुला फोन करायला हवा होता. केला नाही. नोकरी कायम व्हायची होती. लेख छापला, एकट्याच्या नावावर.

काल विभागप्रमुखांना हे सगळं लेखी दिलं. शेरा रद्द करायला सांगितलाय. मासिकालाही कळवलंय की ते काम तुझं होतं. ते काय करतील, ठाऊक नाही.

क्षमा मागत नाही. ती द्यायची की नाही, हे ओझं आणखी तुझ्यावर कशाला?

तुझे हात चांगले होते, हे ठाऊक असूनही गप्प राहिलेला,
हार्लन ट्वेट