पाद्रीबाबांच्या टोपलीतली फाऊसी

मोएलांगी,
रविवारी पाद्रीबाबांना पाठवायच्या टोपलीतली नारळाच्या पाकातली गोड फाऊसी मीच खाल्ली. रक्तातली साखर एकदम उतरली आणि समोर तेवढंच होतं. चर्चमधल्या बायकांनी विचारलं तेव्हा मात्र मी तुझ्याकडे बोट दाखवलं. "आमच्या सुनेला कुठला दम निघायला," म्हणाले. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस.

साखर अशी का चढते नि का पडते, ते तपासणीचा निकाल आल्यावर कळेल. पण जीभ माझीच होती, तिला काही आजार नाही.

त्याच बायकांसमोर खरं सांगायला चाललेय. मागे येऊ नकोस, तुझ्यादेखत मला जमणार नाही. तारोचा कंद उकडायला ठेवलाय, बघ.

माझ्या उशाशी एक पिकलं केळं ठेवत जा. मी मागणार नाही.

सासू