सहा दिवसांच्या सहा सह्या

६ फेब्रुवारी, गुरुवार, संध्याकाळ

आधी टायवाले आले. छत्रीवाली मागाहून आली, कारण ती प्रत्येक मजल्यावर थांबून दम खाते. आमचा तिसरा मजला. लिफ्ट आहे, पण लोकांच्या दारापर्यंत पायीच जायचं असा त्यांचा नेम आहे म्हणे. मला हसूच आलं. पाय देवाने दिले हे मान्य, पण लिफ्ट करणाऱ्याला डोकं कुणी दिलं?

तर हे दोघं घरोघर जाऊन बायबल समजावून सांगतात. दोघंही साठीच्या घरातले. तो जमीनमोजणी खात्यातून रिटायर झालेला, टाय कायम गळ्याशी. तिच्या हातात छत्री, आभाळ असो नसो. नवराबायको नव्हेत, ते मी आधीच विचारून घेतलं. त्यांच्या ऑफिसनेच जोडी लावून दिली आहे. चांगली जुळवली आहे. मला कळतं त्यातलं. बावीस वर्षं मी मोज्यांच्या कारखान्यात जोड्या लावायच्या टेबलावर होते. लांबी बघायची, टाचेचा रंग बघायचा, बोटांवरची शिवण बघायची, की लावला टाका. दिवसाला चारशे जोड्या. ज्याला जोड मिळायचा नाही तो मोजा टेबलाखालच्या खोक्यात.

ही वही नातीने पाठवली. आजी, रोज लिही, म्हणाली. माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यातलं एक वर्ष गोवराने खाल्लं. तरी अक्षर बघा कसं टपोरं आहे.

मुद्दा राहिलाच. टायवाले म्हणाले, जग सहा दिवसांत झालं. सहा म्हणजे सहाच, चोवीस तासांचा एक असे. ही गोष्ट नव्हे, घडलेला इतिहास आहे. मी विचारलं, साखर किती घालू? ते म्हणाले एक. मग मी म्हटलं, पटलं.

पुढच्या गुरुवारी चार वाजता परत येणार. मला काही कुणाच्या येण्यावाचून अडत नाही. त्यांनाच माझी खुर्ची आवडली, म्हणून म्हटलं या.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वेळ नव्हता. सकाळी पडदे धुतले. दुपारी तेच पुन्हा धुतले.

वरच्या मजल्यावर मास्तर राहतात. शाळेत विज्ञान शिकवायचे. बायको गेल्यापासून एकटेच असतात, बिचारे. मी काही एकटी नाही, मला फोन येतो. त्यांना जिन्यात गाठून सहा दिवसांचं सांगितलं. ते म्हणाले, वहिनी, पृथ्वीला साडेचारशे कोटी वर्षं झाली, दगड सांगतात. दगड काय सांगणार? पुढे म्हणाले, त्या पुस्तकात सूर्यच चौथ्या दिवशी आहे, मग पहिले तीन दिवस मोजले कशाने? मी म्हटलं, घड्याळाने. मास्तर किल्ली शोधत वर गेले.

जळतात. त्यांच्याकडे कुणी येत नाही ना.

९ फेब्रुवारी, रविवार

मुलाचा फोन. चांगली चार मिनिटं बोलला. पाहुण्यांचं सांगितलं तर म्हणाला, आई, अशा लोकांना घरात घेत जाऊ नकोस. काळजी करतो फार. उन्हाळ्यात नक्की येणार आहे. गेल्या उन्हाळ्यातही नक्की होतं, पण ते नक्की निराळं होतं.

नातीला विचारायचं होतं, आजी, मग डायनोसॉर कुठल्या दिवशी झाले? मी म्हटलं, सहाव्या दिवशी, सकाळी. दुपारनंतर माणूस करायचा होता, म्हणून त्यांना लवकर उरकलं. ती खदखदा हसली. एवढ्यात तिच्या क्लासची वेळ झाली. पोर हुशार आहे. माझ्यावर गेली आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज मी कमाल केली. सविस्तर लिहिते.

चार वाजता आले. टायवाल्यांनी पहिल्या दिवसाचा धडा घेतला: उजेड. मी म्हटलं, थांबा, मला तिसऱ्या-चौथ्या दिवसाबद्दल बोलायचं आहे. झाडं तिसऱ्या दिवशी झाली आणि सूर्य चौथ्या. आता वरचे मास्तर म्हणतात तसं एक एक दिवस म्हणजे कोट्यवधी वर्षं धरलं, तर झाडं तेवढी वर्षं बिनउन्हाची जगतील का? माझ्या खिडकीतल्या मनीप्लांटवर मी एकदा चुकून बादली पालथी घातली होती. एका दिवसाने त्याला काही झालं नाही. आठवडा ठेवली असती तर मेला असता. म्हणजे दिवस चोवीस तासांचाच.

टायवाल्यांनी खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. बादलीसुद्धा लिहिली. छत्रीवाली म्हणाली, आजी, इतक्या वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तिने दोन बिस्किटं जास्त खाल्ली. तास आणि दहा मिनिटं बसले.

जाताना एक कार्ड ठेवून गेले. त्यावर सहा चौकोन, एका दिवसाला एक. धडा झाला, पटला, की तिथे सही करायची. दर गुरुवारी एक. सगळं झालं की कार्ड ऑफिसात जातं. मी विचारलं, आणि हुशार विद्यार्थी असला तर? दोघं हसले. मी समजले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आमच्या कारखान्यात आठवड्याच्या मस्टरवर सहाच्या सहा सह्या आम्ही सोमवारीच करायचो. मुकादमाला ते आवडायचं. रोज कुठे त्या रांगेत उभं राहायचं, म्हणायचा. जी बाई पटापट उरकायची तिला खिडकीजवळचं टेबल मिळायचं आणि मुकादम येता-जाता तिच्याशी दोन शब्द बोलायचा.

तेव्हा मी आज सकाळी चष्मा पुसून बसले आणि सहाच्या सहा सह्या करून टाकल्या. एकीपेक्षा एक सुंदर. देवाला सहा दिवस लागले, माझं एका बैठकीत झालं. सहाव्या सहीखाली रेघसुद्धा ओढली. मग कार्डावरच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवून दिलं.

आता बघा. एवढी हुशार बाई म्हटल्यावर आठवड्यातून दोनदा येतील. मंगळवारही मोकळा ठेवला आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आले नाहीत. अर्थात कार्ड पोचायला वेळ लागतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चौथी खुर्ची बाहेर काढली. ऑफिसातला एखादा साहेब बरोबर आला तर असावी. बिस्किटं मलईची.

चार वाजता जिन्यात पावलं वाजली. एक सरळ, एक थांबून थांबून. मी ओळखली. दार उघडायला उठले. पावलं दारावरून पुढे गेली. वर गेली.

मास्तरांकडे.

मी विचार केला, बरोबर आहे. त्यांचं पाच मिनिटांत उरकतील, मग माझ्याकडे निवांत. पाच मिनिटं झाली. वर खुर्ची सरकली. मग हसण्याचा आवाज. मास्तर हसतात हे मला आजवर माहीत नव्हतं. पाच वाजून दहा मिनिटांनी पावलं खाली उतरू लागली. योगायोगाने मी तेव्हाच कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला दार उघडलं. डबा रिकामा होता, पण ठेवायची वेळ ती ठेवायची वेळ.

छत्रीवालीने माझे दोन्ही हात धरले. ऑफिसात माझं कार्ड सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं म्हणे. "आजी, तुमचं घर पूर्ण झालं," असं म्हणाली. पूर्ण झालेल्या घरी फक्त वर्षातून एकदा जायचं असतं. जिथे पटलेलं नाही तिथे दर गुरुवारी. मास्तर पहिल्या चौकोनातच सही करायला तयार नाहीत. भारी अडून बसले आहेत, असं टायवाले कौतुकाने सांगत होते.

मी म्हटलं, वा, छान. खुर्च्या आत घेतल्या.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नाराज वगैरे मुळीच नाही. फक्त लक्षात आलं की मला ते सहा दिवसांचं खरं म्हणजे पटलेलं नाही. आधीपासूनच नव्हतं. चारचौघांत बोलले नाही इतकंच.

ठराव: गुरुवारपर्यंत भक्कम शंका तयार करायच्या. सहाच्या सहा सह्या परत मागायच्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

मुलाच्या घरी पाहुणे होते, म्हणून फोन दीड मिनिटाचा. दीड मिनिटात किती बोलणं होतं हे लोकांना ठाऊक नाही.

शंका गोळा करायला मास्तरांना जिन्यात गाठलं. म्हटलं, तुमच्या त्या दगडांचं परत सांगा. त्यांनी जिन्यातच अर्धा तास सांगितलं, थर, जीवाश्म, काय काय. हात हलवून सांगतात. मध्येच म्हणाले, वहिनी, आत या की, उभ्याने किती ऐकाल. मी म्हटलं, नको, मला गुरुवारची तयारी आहे. घरी येईपर्यंत थर विसरले. दगड डोक्यात राहिले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

शंका: माशांना कुठला दिवस? हे मला ठाऊक आहे, पाचवा. ही शंका नव्हे.

दिवसभर हीच एक सुचली. दिवस मोठा होता.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी उठल्या उठल्या शंका सापडली. दगड नको, थर नको. माझ्या घरातच होती.

पावणेचारला स्टूल घेऊन जिन्यात बसले. हवा चांगली असते तिथे. आले तसं मी विचारलंच. ते लिहून ठेवते, शब्द न् शब्द.

"माझा गुरुवार एका तासाचा असतो. चार वाजता सुरू होतो, पाचला संपतो. शुक्रवार मात्र संपता संपत नाही. माझ्या एका घरात दिवस असे लहान-मोठे, मग देवाचे सगळे चोवीसच तासांचे कसे?"

टायवाल्यांनी पुस्तक उघडलं, मग मिटलं. टाय सैल केला. छत्रीवालीने विचारलं, "शुक्रवारी कोण असतं तुमच्याकडे, आजी?" मी म्हटलं, कुणी नाही, मला शुक्रवारी निवांत लागतं. शनिवारी? शनिवारीही निवांतच. मग ती माझ्या शेजारी पायरीवर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. दम लागला असणार.

टायवाल्यांनी वही काढून माझा शुक्रवार लिहून घेतला. म्हणाले, झालेल्या सह्या रद्द होत नाहीत, पण ऑफिसात विचारतो.

म्हणजे मी जिंकले. जमीन मोजणाऱ्या माणसाला दिवस मोजता आला नाही. पुढच्या गुरुवारपासून सगळं सुरळीत.

६ मार्च, गुरुवार

आले, माझ्याकडेच आले. वर गेलेच नाहीत.

बसायला वेळ नव्हता, उभ्यानेच चहा घेतला. ऑफिसने यादीत मास्तरांच्या नावापुढे 'नकार' लिहिला. माझ्यापुढे 'पूर्ण' आधीच आहे. त्यामुळे आमची सगळी बिल्डिंग झाली, रस्ताही झाला. सोमवारपासून दोघांना नदीपलीकडचा भाग दिला आहे. तिकडचे जिने फार उभे आहेत म्हणे, छत्रीवालीचं कसं होणार कोण जाणे. टायवाले म्हणाले, शुक्रवारचा प्रश्न मी ऑफिसातल्या वरच्या लोकांनाही विचारला, उत्तर आलं नाही. छत्रीवालीने उरलेली बिस्किटं रुमालात बांधून घेतली. मग मला जवळ घेतलं. छत्रीची दांडी पाठीत टोचत होती, तरी मी तशीच उभी राहिले.

माझा प्रश्न वरपर्यंत गेला. मुलाला सांगायला हवं. रविवारी.

७ मार्च, शुक्रवार

दुपारी मास्तर आले होते. दारात उभे, हातात बिस्किटांचा पुडा, मलईची. त्यांच्या पायात एक मोजा काळा आणि एक गडद निळा. टाचेकडे बघितलं की लगेच कळतं. म्हणाले, वहिनी, तीन दिवस घड्याळाने मोजले म्हणालात, ते मी विचार करतो आहे, बसून बोलू या का? काल चार वाजता त्यांनीही चहा टाकून ठेवला होता म्हणे, तीन कपांचा.

हरलेल्या माणसाला वाद पुढे ओढायची हौस असतेच. मी म्हटलं, आज जमायचं नाही मास्तर, माझ्याकडे पाहुणे यायचे आहेत, तयारी आहे. बरं, म्हणाले. पुडा तसाच घेऊन वर गेले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एकच.

खोटं बोलले नाही मी. वर्षातून एकदा यायचं असतंच, दोघांनी दिवससुद्धा पक्का सांगितला आहे. ही तारखांची वही डिसेंबरात संपते, म्हणून आतल्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवते.

पुढचं वर्ष, ५ मार्च, गुरुवार, चार वाजता. दोघं.