ठोकळ्यांचा डायनामो आणि सुहासचा फोन

३ नोव्हें., सोमवार

फ्रिजवरचा गणपती फोडला. पोरीने नव्हे, पोरीच्या बापाने. पाठीमागचं चुंबक पाहिजे होतं म्हणे. सुरीने उचकटलं. गणपतीचा एक कान गेला, सुरीचं टोक वाकलं, आणि वर मलाच म्हणतो, "आई, दुसरा आणू गं." दुसरा आणू! नोकरी आण की आधी. (बोलले नाही. लिहिते फक्त.)

रागात श्री लिहायचं राहिलं. श्री.

झालं असं, सुहासने आज माळ्यावरून ओवीचा ठोकळ्यांचा डबा काढला. एकात एक बसतात ते, प्लास्टिकचे, अनवाणी पायाखाली आला की जीव जातो. त्यांचा डायनामो करणार आहे. दांडा फिरवला की दात्यांची चाकं फिरणार, चाकांनी चुंबक फिरणार, तारेत वीज येणार, दिवा लागणार. ओवीला शाळेत सांगितलंय का? नाही. तिने हट्ट धरला का? नाही. मग कशाला रे? तर "सहज." गौरी-गणपतीच्या आधीपासून घरात बसून आहे, आता सहज फरशीवर बसला.

५ नोव्हें., बुधवार

गणपतीच्या चुंबकात जीव नाही म्हणे. कान घालवून हे कळलं. बाजारातून बटणाएवढी नवी आणली. त्यातलं एक माझ्या तव्याला चिकटलं ते सुटता सुटेना. पोळ्या उशिरा.

समोरच्या फ्लॅटमधली तमिळ मामी दारात भेटली. "सार आफीस पोगलैया?" साहेब ऑफिसला जात नाहीत का. मी म्हटलं, "वर्क फ्रॉम होम." हे मला पाठ करून दिलंय. दोनच धडे आहेत. दारात कोणी विचारलं तर वर्क फ्रॉम होम. त्याच्या फोनवर कोणी आलं तर मीटिंगमध्ये आहे. मिरजेला वंदीलासुद्धा हेच. सख्खी बहीण त्याची, माझी पोटची पोर, आणि तिला मी मीटिंग सांगते. का, तर तिच्या सासरी कळायला नको.

खरं ठाऊक तिघांना. तो, मी आणि केतकी. केतकीला ठाऊक नसून कसं चालेल, घर तिच्या नोकरीवर उभं आहे. ओवीला वाटतं बाबा लॅपटॉप उघडतात म्हणजे काम करतात. नऊ वर्षांची आहे. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून ही वही मी टेबलावर उघडी टाकू शकते. तमिळ फाडफाड, इंग्रजी फाडफाड, मराठी म्हणजे फक्त आजीशी भांडायला.

८ नोव्हें., शनि. संकष्टी.

तार गुंडाळणं चालू. केसासारखी तांब्याची तार, प्लास्टिकच्या रिळावर. सकाळपासून मांडी घालून, मी वाती वळते तसा. मोजत होता. मी विचारलं चहा घेतोस का, तर आकडा चुकला आणि माझ्यावर ओरडला. दोघांचा चहा मीच प्याले.

दुपारी केतकीने विचारलं, "अंबत्तूरच्या त्या माणसाला फोन केलास?" अंबत्तूरला कसला तरी कारखाना आहे, मशीनला कामं शिकवायला माणूस पाहिजे आहे. ह्याच्या जुन्या ऑफिसातल्या मित्राने नाव सुचवलं. सु. म्हणाला, "तो करणार आहे."

"तू कर की."

"पत्र्याच्या शेडमध्ये बसू का मी आता?"

केतकी म्हणाली, "फरशीवर बसलायसच की." बरोबर बोलली. मी भांड्यांचा आवाज केला जरा, ऐकू आलं नाही असं दाखवायला.

संध्याकाळी सगळं जोडून फिरवलं. दिवा नाही. ओवी म्हणाली, "बाबा, करंट वरल्या?" करंट येत नाही का, म्हणे. येत नाहीच. तो उठून आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. चंद्र ढगात. उपास घड्याळ बघून सोडला.

१० नोव्हें., सोमवार

कळलं. तारेवर रंगाचा थर असतो, टोकं खरवडल्याशिवाय वीज पुढे जात नाही. आपलाच हात आपल्याच कपाळावर मारून घेतला. खरवडली. ओवी शाळेतून आल्यावर फिरवलं आणि लागला. लाल. ज्वारीच्या दाण्याएवढा, थरथरणारा. फिरवायचं थांबलं की विझतो.

ओवी नाचली. सुहास हसला. बऱ्याच दिवसांनी त्याचे दात दिसले. एक दाढ किडली आहे.

तेवढ्यात वंदीचा फोन. मी घेतला, "मीटिंगमध्ये आहे." मागे ओवी बोंबलतीय, लागला, लागला! वंदी म्हणते, "कसली गं आई ही मीटिंग?" मी म्हटलं, "मोठी आहे." 

१४ नोव्हें., शुक्रवार

एक दिवा पुरे नव्हता. आता चार पाहिजेत. मोठं चाक, त्याच्यावर लहान, परत मोठं. प्लास्टिकचा दांडा वाकतो म्हणून माझी विणायची सुई नेली. विचारून नाही. चाकं करकरतात, दिवसभर दात खाल्ल्यासारखा आवाज. लॅपटॉप उघडासुद्धा नाही, नाटक करायलाही नाही. दाढी नाही. जेवायला तीन हाका.

आणि आज ओवीला बसवरून आणायला गेला नाही. विसरला. मला वाटलं गेलाय. पोर गेटाशी उभी, शेवटी मामीने हात धरून वर आणली. ओवी रडलेली नव्हती, तेच मला जास्त लागलं. तिला सवय झाल्यासारखी आत आली, दप्तर टाकलं, आणि बापाशेजारी बसली.

त्याने वरही बघितलं नाही. म्हणतो, "आई, ये, फिरवून बघ."

फिरवलं. दिवे काढले की दांडा भिरभिर फिरतो. दिवे जोडले की जड होतो, हाताला ओढ लागते. विचारलं, हे असं का.

"वीज फुकट येत नाही आई. दिवा जोडला की कोणीतरी ओढायला लागतं."

म्हटलं, "मग तू गणपतीपासून दिवा न जोडता फिरतोयस म्हण. ओढतीय केतकी एकटी. नोकरी नाही, लाज तरी ठेव, पोर गेटावर उभी होती."

चाकं थांबली. ओवी म्हणाली, "बाबांना जॉब नाही?"

मी दूध उतू जाईल म्हणून आत गेले. गॅसवर दूध नव्हतंच.

१५ नोव्हें., शनि.

सगळं सुटं करून टाकलं त्याने. ठोकळे रंग पाहून वेगळे केले, डब्यात भरले, तारेचं रीळ वर ठेवलं, डबा माळ्यावर. माझी सुई पुसून माझ्या पिशवीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ओवी माझ्याशी बोलत नाही. ताट घेऊन पाठ फिरवून बसते.

केतकी म्हणाली, "अहो आई, खरं तेच बोललात. पण तिच्यासमोर?"

म्हटलं, "मग कोणासमोर बोलू? तुम्ही दोघं एका खोलीत असता का कधी?"

तीही गेली आत. घरात चार माणसं, चारी कोपरे भरले. टीव्ही मात्र छान चालू होता.

१८ नोव्हें., मंगळ.

हे लिहू की नको. लिहिते, कोणाला तरी सांगायला हवं.

सु. झोपून असतो. फोन जेवायच्या टेबलावर उपडा. वाजला तरी बघत नाही. दुपारी गच्चीवर जाऊन बसला, फोन इथेच. वाजला. वाजून थांबला, परत वाजला. घेतला.

बाप्या. तमिळ माणसाचं हिंदी. "सुहास सार है क्या मा?"

जीभ आपोआप वळली. "मीटिंग में है."

"मीटिंग? कौन सा मीटिंग मा? वो तो फ्री है बोला."

मला वाटलं, आला कोणीतरी भोचक, आतली बातमी काढायला. मग काय, मी सुटलेच. "फ्री नहीं है. बड़ी कंपनी में लग गया. बहुत बिझी."

"ओ... वेरी गुड मा. अच्छा हुआ. अंबत्तूर से फोन आया था, बोल दीजिए."

ठेवला त्याने.

मी फोन होता तसाच उपडा ठेवला. भेंडी चिरायला घेतली. अर्धी चिरल्यावर कळलं, धुतलीच नव्हती.

तो खाली आला. विचारलं नाही. सांगितलं नाही.

१९ नोव्हें., बुधवार

सकाळपासून पाऊस. पार्किंगमध्ये पाणी. आमच्या वेलचेरीत पाणी शिरलं की सगळे आपापल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन ठेवतात, तशी ह्यानेही नेली, आणि चालत परत आला गुडघाभर पाण्यातून. दारात पंचा दिला. तो डोकं पुसत होता, तोंड दिसत नव्हतं, तेव्हा सांगितलं. सगळं. मोठी कंपनी, बिझी, सगळं.

पंचा डोक्यावर तसाच. मग आतून हसला. वाईट हसला.

म्हटलं, "तूच शिकवलेलं मला."

"हो आई. मीच शिकवलेलं."

"आता लाव त्याला फोन."

"काय सांगू? आई खोटं बोलली?"

"सांग. म्हातारी आहे, चौथी शिकलेली आहे, डोकं फिरलंय, काय पाहिजे ते सांग. पण लाव."

"उद्या," म्हणाला. पंचा खुर्चीवर टाकला. ओला. लाकडी खुर्ची आहे.

२० नोव्हें., गुरु.

पहाटेच वीज गेली. इन्व्हर्टर सकाळीच मेला. केतकीचं ऑफिस बंद, ओवीची शाळा बंद. दूध नाही. खाली रस्ता दिसत नाही, नुसतं तपकिरी पाणी आणि त्यात कोणाची तरी बादली.

ओवीने स्टुलावर चढून डबा स्वतः काढला. कोणाला न विचारता फरशीवर मांडला. तिला चाकं बसेनात. सुहास एकदा पाण्याला म्हणून गेला, एकदा खिडकी बघायला म्हणून गेला, तिसऱ्यांदा तिच्याशेजारी बसला. मी पिशवीतून सुई काढून त्यांच्यापुढे टाकली आणि आत आले.

दुपारी इतकं अंधारून आलं की माणूस ओळखू येईना, तेव्हा त्यांचे दिवे लागले. दोन लाल, एक हिरवा. चौथा मेलेला. ओवी म्हणाली, "आजी, तू फिरव, माझा हात दुखतोय." आठवड्यातलं पहिलं वाक्य. फिरवलं. जड आहेच. मी काही बोलले नाही, एकदा बोलून झालंय.

"बाबा, ह्याच्यावर फोन चार्ज होईल?"

"नाही गं. हा एवढ्याच कामाचा."

मामी मेणबत्ती मागायला आली. उजेड बघून आत आली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत राहिली. सार, सूपर. मग हसून म्हणाली, हेच का तुमचं वर्क फ्रॉम होम?

मी तोंड उघडलं होतं. सुहासच बोलला. "मामी, वेलै पोच्चु." नोकरी गेली. असं, सरळ. तमिळमध्ये कसं सोपं गेलं त्याला, मला कळत नाही. केतकी स्वयंपाकघराच्या दारात, हातात पातेलं, तशीच उभी.

"अय्यो," मामी म्हणाली. सांगितलं का नाही म्हणून रागावली थोडी. मेणबत्ती न घेताच गेली आणि रसम-भाताचं भांडं घेऊन आली. तिच्या रसमात मिरे फार असतात. खाल्लं सगळ्यांनी. एका जागी बसून.

मग त्याने अंबत्तूरला मेसेज लिहिला. मला वाचून दाखवला: आईचा गैरसमज झाला, मला नोकरी नाही, काम हवं आहे, फोन करावा. मी म्हटलं, गैरसमज कशाला, आई खोटं बोलली असं लिही. त्याने गैरसमजच ठेवला. एकच खूण आली. तिकडे नेटवर्क नसेल.

२१ नोव्हें., शुक्रवार

पाऊस थांबला. पाणी आहेच. वीज नाही.

सकाळी मेसेजवर दुसरी खूण आली. पोचला. उत्तर नाही. केतकी म्हणते पाण्यामुळे कारखाना बंद असेल. सु. म्हणतो, कोणीतरी दुसरा घेतला असेल. मी म्हणते मला काय माहीत.

फोनची बॅटरी लाल झाली आहे. बाकी दोन फोन मेले. वंदीला केतकीच्या फोनवरून, तो मरायच्या आधीच, कळवलं, सगळं खरं, तिने सुहासच्या फोनवर आता रडायला यायचं नाही असंही कळवलं. फोन टेबलावर, कान तुटलेल्या गणपतीला टेकून, उताणा ठेवलाय. शेजारी डायनामो. ओवी येता-जाता एक फेरा मारते, दिवे लागतात, विझतात. फोन तसाच.

सुहासला गाडी बघायला पुलावर जायचं होतं. म्हटलं, गाडीला काय पाय फुटणारेत. बस इथे. बसलाय. दाढी केली आहे, कापलं आहे हनुवटीला.

सगळ्यांना समोर उभं करून सांगितलंय, इथेही लिहून ठेवते. फोन वाजला तर कोणी हात लावायचा नाही. मी नाही, केतकीने नाही, ओवीने नाही. सुहासनेच घ्यायचा. आंघोळीत असला तर ओल्या अंगाने यायचं, आणि आधी स्वतःचं नाव सांगायचं.