ज्या दिवशी हाक आली नाही

आई, तुझी गल्ली परत कुणीतरी मागायला आलंय. काल ताईचा फोन आला. म्हणाली, सगळ्या शहराचा कचरा एकाच कंपनीला द्यायचा बेत परत निघालाय. परवाना एकाच कंपनीचा, गाड्या तिच्या, माणसं तिची, बाकी कुणी डब्याला हात लावला तर दंड. तू गेलीस तेव्हा मला मिशी नीट फुटली नव्हती. आता मी इथं गुजरातेत बंदरावर कंटेनर साखळदंडांनी बांधतो. त्याआधी टाइल्सच्या कारखान्यात होतो, त्याआधी गोव्यात हॉटेलात, त्याआधी ट्रकवर क्लीनर. तू म्हणायचीस, या पोराच्या पायाला भिंगरी बांधलीय. अजून सुटलेली नाही. सातवीत शाळा सोडल्यापासून एवढं लांबलचक काही लिहिलं नव्हतं, पण फोन ठेवल्यावर झोप येईना, आणि तुझ्याशी बोलायचं तर दुसरा रस्ता कुठला?

इथल्या पोरांना मी तुझी गल्ली समजावतो तेव्हा त्यांना खरं वाटत नाही. म्हणतात, गल्ली काय कुणाची असते का? मी म्हणतो, आमच्या आईची होती. घंटागाडी मोठ्या रस्त्यावर वाजवून निघून जायची. आतल्या बोळात, तिसऱ्या मजल्यावर, म्हाताऱ्या माणसांच्या दाराशी जायची ती तू. आपल्या कॉलनीतल्या प्रत्येक बाईची गल्ली ठरलेली. एकीनं दुसरीच्या गल्लीत पाय टाकायचा नाही, आणि ती आजारी पडली तर तिची गल्ली राखायची, बरी झाली की जशीच्या तशी परत द्यायची. सायखेड्याहून लग्न करून आलीस तेव्हा सासूनं तुला सोनं नाही, गल्ली दिली. तू ती ताईच्या लग्नात तिला दिलीस, तुझ्यानंतरची म्हणून. ती चिडून म्हणाली होती, "लोकं आंदण म्हणून फ्रीज देतात, आई." तू पीठ मळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "फ्रीज बिघडतो."

सकाळी चुलीवर पाणी ठेवून तू निघतेस. हे मी असं लिहितो, कारण अजून तसंच दिसतं. डोक्याला रुमाल, हातगाडी, आणि गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ती हाक, "ओ ताईऽऽ, कचराऽऽ." शेवटचा सूर तू एवढा लांब ओढायचीस की वरच्या मजल्यावरची बाई चप्पल शोधून खाली येईपर्यंत तो पुरायचा. फक्त एका दिवशी हाक नसायची. गल्लीत कुणाचं मयत झालं की तू पायऱ्यांखाली चपला काढायचीस, त्या घराचा डबा सगळ्यात आधी उचलायचीस, बेल वाजवायची नाहीस, आणि दिवसभर अख्ख्या गल्लीत आवाज काढायची नाहीस. त्यामुळं हाक आली नाही की बायका गॅलरीत यायच्या आणि हळूच विचारायच्या, "कुणाकडे गं?"

मागच्या वेळी हाच बेत निघाला होता तेव्हा तुम्ही बायांनी बंद पुकारला. कंपनीची गाडी आली तर आडवं व्हायचं आणि आपणही उचलायचं नाही, शहराला वास येऊ दे. मी तेव्हा पंक्चरच्या दुकानात होतो, काम टाकून गाडीपुढं झोपलो होतो. लय भारी वाटत होतं. आणि ऐन बंदात तुझ्या गल्लीतली ती अंथरुणाला खिळलेली म्हातारी गेली. तू उठलीस, बादली घेतलीस आणि गेलीस. परत आलीस तेव्हा शेजारची मावशी दारातच उभी होती. कॉलनीतल्या बायांना तिनंच गोळा केलं होतं, त्यामुळं तिचा पारा चढलेला.

"काय गं पुढारीण, बंद आम्हाला आणि सूट तुला?"

"मयत झालंय तिथं. त्यांनी काय नाकाला रुमाल लावून रडायचं?"

"कंपनीवाल्यांनी बघितलं ना! आता म्हणतील, बाया फुटल्या."

"म्हणू दे. मी कंपनीसाठी नाय गेले, म्हातारीसाठी गेले."

कॉलनीत कुणी तुझ्याशी धड बोलेना. त्या बंदात माणसांची ताकद एवढीच होती की कुणी फुटत नव्हतं, आणि पहिली फुटलीस ती तू. मलाही तेच वाटत होतं. तू मात्र भाकरी थापत राहिलीस, नेहमीसारखी कडेनं पातळ.

मग पालिकेनं सगळ्यांच्या हरकती ऐकायला बोलावलं. त्या हॉलमधल्या पंख्याखाली तुम्ही सगळ्या इस्त्रीच्या साड्या नेसून बसलेल्या. तुझी निळी, चौदा एप्रिलची. साहेब वाईट माणूस नव्हता, त्याचं म्हणणं साधं होतं. "एकाच कंपनीकडे काम दिलं की जबाबदारी एकाची राहते. तुमच्यात काही चुकलं तर आम्ही धरायचं कुणाला?" मावशीनं पाठ केलेलं भाषण होतं, ते तिथंच अडकलं. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "माझ्या गल्लीचं मला धरा की." मागं कुणीतरी हसलं. तेवढ्यात दाराजवळचा एक माणूस उठला. डोक्याचं मुंडण ताजं होतं. म्हातारीचा मुलगा. साहेब त्याला म्हणाला, "आपण कोणत्या संस्थेकडून?"

"संस्था नाही. मी सुतकात आहे, खरं तर घराबाहेर पडायला नको होतं," तो म्हणाला. "माझी आई गेली त्या रात्री तिचे कपडे, औषधं, सगळी घाण दाराबाहेर ठेवली. सकाळी दार उघडलं तर जागा धुतलेली होती. बंद चालू आहे हे मला माहीत होतं. कंपनीच्या गाडीवर फोन नंबर लिहिलेला आहे, मान्य. पण आमच्या घरातलं माणूस गेलंय हे त्या नंबरला कुणी सांगायचं?" एवढं बोलून तो बसलासुद्धा नाही, हात जोडून निघून गेला. जाताना तुझ्याकडे बघून मान हलवली.

तो बेत त्या वेळी बासनात गेला. त्याच्या एकट्याच्या बोलण्यानं गेला असं मी म्हणत नाही, पण त्याच्यानंतर गल्लीतली आणखी माणसं उठली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. परतताना रिक्षात मावशी तुझ्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "पुढारीणच आहेस गं तू." तू म्हणालीस, "सरक तिकडं, साडी चुरगळतेय."

आणि मग तू गेलीस. तुला हे माहीत नसणार, म्हणून सांगतो. त्या सकाळी आपल्या घरात माणसं जमलेली आणि मावशी दिसेना. मला राग आला होता. ती तुझ्या गल्लीत गेली होती. चपला काढून, एकही हाक न देता, सगळ्या घरांचे डबे तिनं उचलले. बायका गॅलरीत आल्या. विचारलं, "कुणाकडे गं मावशी?" मावशी म्हणाली, "आमच्याकडे." दुपारी आपल्या दारात त्या सगळ्या गल्लीतल्या बायका उभ्या होत्या. कॉलनीत याआधी त्यांच्यातली एकही आली नव्हती.

आता ताईची पाळी आहे. या वेळी कंपनी म्हणते, जुन्या बायांनाही कामावर घेऊ, ड्रेस देऊ, फक्त दर महिन्याला गल्ली बदलेल. काही जणी तयार आहेत, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. ताई नाही म्हणते. मी तिला विचारलं, "ड्रेस मिळतोय, हातमोजे मिळतायत, मग तुझी हरकत काय?" ती उसळली. "दर महिन्याला गल्ली बदलली तर कुणाच्या घरी काय झालंय ते मला कळायचं कसं? आणि कधी गप बसायचं?" आई, हुबेहूब तू. मग आवाज खाली आणून म्हणाली, "सोमवारी पालिकेत परत हरकती ऐकणारेत. तू नुसता येऊन मागं उभा राहा. बोलायचं माझं मी बघते."

म्हणून निघतोय. हे कागद कुठल्या पत्त्यावर टाकायचे हा प्रश्नच नाही, बॅगेत तळाला जातील, कपड्यांखाली. फक्त एक सांगायचं राहिलं. सुपरवायझर सुट्टी देईना. बहीण कचऱ्यासाठी भांडतेय म्हटलं असतं तर त्याला ते कळलं नसतं, आणि समजावून सांगायला माझं हिंदी पुरलं नसतं. म्हणून म्हणालो, आई लय आजारी आहे. त्यानं लगेच सही केली. आता खोलीवरची पोरं येऊन विचारतायत, आई कशी आहे? मी काय सांगणार? म्हणालो, बरी आहे, सोमवारी तिला पालिकेत बोलायचंय.