महादेवरावांचं नववं रसायन

३ मार्च १९७३, धरमपेठ, नागपूर
नरखेडहून एसटीने सकाळीच पोचलो. एम.एस्सी. होताच नोकरी, आणि राहायला प्रयोगशाळेच्या वरचीच खोली! महादेवराव सर स्वतः फाटकापर्यंत घ्यायला आले. त्यांच्या पत्नी कुसुमताईंनी वडा-भात वाढला. वर हिंगाचं तेल ओतत "लाजू नको गा" म्हणाल्या. खिडकीतून कडुनिंब दिसतो. गावी वडिलांना, बापूजींना, पत्राने खुशाली कळवली.

५ मार्च
काम समजलं. मनाच्या आजारांवर औषध शोधायचं. मेक्सिकोतल्या एका निवडुंगात भ्रम घडवणारं द्रव्य असतं. त्याच्याच बांधणीचे रेणू सर इथे तयार करतात. एखादा अणू बदलायचा, कुठे शेपूट लांबवायची. सर त्यांना भावंडं म्हणतात. एक नुसते रंग गडद करतं, दुसरं हसवतं. नववं सर्वांत हट्टी: उशिरा चढतं आणि लवकर उतरत नाही. हे कळलं कसं, इथे उंदरांचा पिंजरा तर दिसत नाही, असं मी विचारलं. सर हसले आणि हात धुवायला गेले.

९ मार्च
दुपारी भिंत हलली. छाती भरून यावी तशी फुगली, मग बसली. ऊन लागलं असेल म्हणून पडून राहिलो. सर वर आले. मी अजून काहीच बोललो नव्हतो, तरी त्यांनी विचारलं की भिंत फुगतेच फक्त, की वाहतेही?

१० मार्च
नोकरी सोडतो म्हणालो. सरांनी फाटकाला कुलूप घातलं. या अवस्थेत रस्त्यावर गेलास तर लोक वेडा म्हणून डांबतील, म्हणाले. कुसुमताईंपुढे हात जोडले, ते नववं मला कशातून दिलंत विचारलं. त्या भांडी विसळत राहिल्या.
"तुह्या आधीचा बी असाच रडत होता. काय दिसून राहिलं ते उंदराले सांगता येते का गा?"

१२ मार्च
जेवण बंद केलं. नळाचंच पाणी. तरी उतरत नाही — पाण्यातही असेल. शेजाऱ्यांना हाक मारली. माझा आवाज जांभळा होऊन कुंपणापाशी पडला. कोणी वर पाहिलं नाही. सर खुर्ची टाकून समोर बसतात. पापणी हलवत नाहीत.

१३ मार्च
बापूजी आले. संत्री विकायला नागपूरला आले होते. सरांनीच त्यांना वर आणलं — आणि दारात उभे राहिले, बघत.
"काय झालं गा बाबू तुले? चाल घरी."
मनगट धरलं. मग चेहरा ओघळायला लागला — डोळे हनुवटीवर — तोंड नुसतं भोक — ते बापूजी नव्हते. नव्हतेच. ढकललं. मागे जिना —
कुसुमताई किंचाळल्या. सर खाली गेले नाहीत. मलाच विचारत होते, पडताना तो कोणत्या रंगाचा दिसला —

१४ मार्च
उतरलं. भिंत भिंतच आहे.
जिन्याखाली बापूजी आहेत. माशा. अंगावर चादरसुद्धा नाही. मान — हात लावून पाहिलं. गार.
सर म्हणतात, पोलिसांना बोलवू? याने ढकललं ते आपण दोघांनी पाहिलं, असं कुसुमताईंकडे वळून म्हणाले. नाहीतर दहावं तयार आहे. त्याने माणूस झालेलं सगळं विसरतो.
कोणीही जबरदस्ती करत नाही आज. दहाव्याचा पेला नुसता ठेवून गेले.
बापूजी —
मी तो पेला उचल—