पायाळू आई आणि मणक्यातली सुई

आई, काही महिन्यांमागं कमरेत सुई घेतली. मणक्यातली गादी झिजल्ती, वर्षानुवर्षं कंबर धरून बसलो. शेवटी जालन्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, ऑपरेशनच्या आधी एकदा पीआरपी करून बघू. तुमचंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं आणि त्यातला पिवळसर, जखम भरणारा भाग गादीत सोडायचा. गुण येईलच असं मात्र सांगत नाही." मला ऑपरेशनची धास्ती. लगेच "हो" म्हणालो.

पालथा झोपलो अन् आपली ओसरी दिसायला लागली. तू पायाळू, जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. कुणाला उसण भरली की पार कुंभार पिंपळगावाहून बैलगाडी आपल्या दारात. माणूस पालथा पडतो, तू पदर खोचून त्याच्या कमरेला हळूच पाय लावतेस आणि लगेच वाकून त्याच्याच पाया पडतेस. आजोबांची कंबर धरली तेव्हा तर गल्ली गोळा झाल्ती. सुनेनं सासऱ्याला पाय लावायचा! तू दाराआड. आजोबा ओरडून राह्यले, "लाव की पोरी! पाप लागलं तर मला लागंल." तू डोळे मिटून पाय लावलास. थोड्या वेळानं ते कण्हत का होईना, उठून बसले, तर आजी म्हणते, "सुनेची लाथ खाल्ली, आता भाकर बी खा."

हे आठवून मी डॉक्टरबाईंना विचारलंच, "बाई, तुम्ही पायाळू तर न्हाई?"

"न्हाई काका, मी सिझेरियनची!" सगळी खोली हसली. मंग त्या पडद्यावर मणका बघत सुई आत नेऊ लागल्या. मी भीतीनं शाळेतली कविता पुटपुटायला लागलो. "म्हणा, पण हलू नका," बाई म्हणाल्या. किती जपून नेली त्यांनी सुई! तुझा पाय असाच पडायचा, दुसऱ्याच्या दुखण्याची अदब राखून.

उतार पडायला महिने लागले. परवा बाई म्हणाल्या, "ऑपरेशन नको आता." सूनबाईनं तिथल्या तिथं फोन लावून सगळ्यांना कळवलं. मी तोंड धुवायला म्हणून गेलो आणि नळ सोडून पोटभर रडलो.

हे पत्र पाठवू कुठं? तुला वाचता येत नव्हतं, वाचून दाखवणारा मीच. त्या दिवशी तोंड धुऊन आलो तर सूनबाईनं विचारलं, "मामा, डोळे लाल का?" साबण गेला म्हणालो. या वयात आई पाहिजे होती, हे काही तिच्यापुढं बोलवलं न्हाई.