सासूबाई, सूनबाई आणि ताबा

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (अक्षरशः साष्टांग. वायरी तपासायला तुझ्या टेबलाखाली पालथी पडले होते, तो तुझ्या नावे धर.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढायला सांगितलं का? सांगितलं असलं तरी चढू नकोस, आणि विशेषतः इकडे यायची घाई करू नकोस. इकडे सगळं ठीक आहे. शिवणाच्या खोलीत रोज झाडू फिरतो, मशिनींना तेल मिळतं. तुझे कटिंग मास्टर वेळेवर येतात आणि वेळ झाली तरी जात नाहीत.

फोनवर तू "झालं का?" एवढंच विचारतेस आणि मी "होतंय" एवढंच म्हणते. हे फार दिवस चालणार नाही, म्हणून पत्र.

जुना कॉम्प्युटर मेला तेव्हा त्याची ड्राइव्ह काढून तू दुसऱ्या, जवळपास तितक्याच म्हाताऱ्या कॉम्प्युटरात बसवून घेतलीस. तेव्हापासून कपड्यांच्या नमुन्यांचं फोल्डर 'परवानगी नाही' म्हणतं. आजवर तू नाटकांसाठी बेतलेला प्रत्येक कपडा त्यात आहे आणि कागदावर एकही नाही, हे तू मला निघताना जिन्यात सांगितलंस. आधी सांगितलं असतंस तर मी हो म्हटलं नसतं. बिघाड तसा साधा आहे. फोल्डरची मालकीण म्हणून मेलेल्या कॉम्प्युटरातलं तुझं खातं नोंदलेलं आहे. या कॉम्प्युटरातलं तुझं खातं वेगळं. नाव तेच असलं तरी फोल्डरच्या लेखी तू परकी बाई. उपायही साधा. ताबा घ्यायचा, मग तुझ्या नव्या खात्याला परवानगी द्यायची.

'ताबा' हा शब्द मी मोठ्याने उच्चारला, तिथून बिनसलं. मास्टर मागे उभे होते, हातात कापडाची मोठी कात्री. "ताबा? बाई हयात असताना?" मी म्हटलं, ताबा कागदोपत्री असतो, वस्तू बाईंचीच राहते. "सगळे आधी असंच सांगतात, ताई," म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. मी कामाच्या वेळी घाबरत नाही. पण मानेमागे कात्रीची उघडझाप चालू असली की माणूस स्क्रीनकडे हवं तितकं बघत नाही, एवढं निरीक्षण नोंदवते.

आता ड्राइव्हच्या नावांबद्दल. तू एकीचं नाव सासूबाई ठेवलंस आणि दुसरीचं सूनबाई. आकाराने दोघी सारख्याच. मी धरलं, जुनी ती सासूबाई. कुणीही हेच धरेल. (मास्टरांनी धरलं नाही, पण हे त्यांनी सगळं उरकल्यावर सांगितलं. "अहो, वय बघतात का? दुसऱ्या घरून सामान घेऊन आली ती सून. आधीपासून ठाण मांडून बसलीये ती सासू." तुझा तर्क निर्दोष आहे. तो चिठ्ठीवर लिहून चिकटवला असतास तर उपकार झाले असते.) नावाशेजारी ड्राइव्हचं अक्षर असतं आणि काहीही करण्याआधी ते बघायचं असतं. मी ऑफिसात नव्या लोकांना हे शिकवते.

तर मी सासूबाईंचा ताबा घेतला. आतली जुनी नावं काढून टाकली, तुझ्या एकटीचं नाव ठेवलं आणि 'आतल्या सगळ्या फाइलींना हेच लागू' यावर खूण केली. कॉम्प्युटर स्वतः राहतो तो सासूबाईंकडे, म्हणजे ज्या फाइलींच्या जिवावर तो सुरू होतो त्या सगळ्या तिथेच. काढलेल्या नावांत त्याचंही नाव होतं. फाइलींची नावं स्क्रीनवरून पळू लागली आणि त्यात तुझा एकही नमुना दिसेना. मी 'रद्द' दाबलं. ते थांबलं, पण तोवर कॉम्प्युटरला त्याच्याच घरात मज्जाव झाला होता. मास्टर म्हणाले, "उघडलं का?" मी म्हटलं, "प्रगती आहे." तेवढ्यात सगळं गोठलं. बंद करून पुन्हा सुरू केलं, तर काळी स्क्रीन आणि तिच्यावर एक पांढरा बाण. माउस हलवला की हलतो. बाकी काही नाही.

घाबरू नकोस. (मी स्वतःलाही हेच सांगितलं. मास्टर माझ्यासाठी पाणी घेऊन आले आणि ते त्यांनीच पिऊन टाकलं.) सूनबाईंच्या केसालाही धक्का लागलेला नाही. तिला बाहेर काढून माझ्या लॅपटॉपला जोडलं. अक्षर मी वाचलं, मास्टरांकडूनही वाचून घेतलं, आणि मगच ताबा घेतला. फोल्डर उघडलं. राजाचा झगा, शिपायांचे कोट, भुताचा पायघोळ अंगरखा, सगळं जागच्या जागी. मास्टरांनी एकेक नमुना तपासला आणि भुताची बाही आखूड झाल्याचा आळ माझ्यावर घेतला. ती पहिल्यापासून आखूड आहे, तारीख दाखवली.

तेव्हा काळजीचं कारण उरलेलं नाही. सासूबाई पूर्ण पुसून कॉम्प्युटर नव्याने उभा करते. तू पाय उशीवर ठेवून आराम कर.

तुझी आज्ञाधारक (यापुढे),
भाची

ता. क. पुसण्याआधी विचारायचं म्हणून विचारते. फोल्डर उघडेनासं झाल्यापासूनचे नवे नमुने तू कुठे ठेवत होतीस?

ता. क. २. उत्तर नको. मास्टरांना विचारलं. "कुठे म्हणजे? समोरच. चालू केला की दिसायचे." म्हणजे डेस्कटॉपवर. म्हणजे सासूबाईंकडे. म्हणजे बसवायला घेतलेल्या नाटकाचे सगळेच्या सगळे, ज्यांचं कापड अजून कापायचं आहे. मी काहीही पुसलेलं नाही. हे आत्ता उठून पुन्हा बघून आले. अक्षर बिघडलंय त्याबद्दल माफ कर, उभ्यानेच लिहितेय.

ता. क. ३. नमुने वाचतील. सासूबाईंनाही बाहेर काढून लॅपटॉपला जोडायचं आणि नमुने उतरवून घ्यायचे, बस. पण "म्हणजे तुम्ही पुसणार होतात?" एवढं विचारून मास्टरांनी कॉम्प्युटरवर चादर घातली आहे आणि समोर स्टूल टाकून बसले आहेत. स्वतः बाईंनी सांगितल्याशिवाय हात लावू देणार नाही म्हणतात. माझ्या शब्दाला आता त्या खोलीत किंमत नाही. तेव्हा पत्र मिळताच फोन करून मला परवानगी दे.

फोन मास्टरांना कर. मला नको.